अर्धवट कामाची जागा

मराठी मध्यमवर्गीय घरात स्वयंपाकाला खोली असते, देवाला निदान कोनाडा असतो, आणि शिवणकामाला डबा असतो. बहुधा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकण कधीच धड न बसणारा. त्यात रिळं, सुया, टिचबटणं, हूक, एक बोथट कात्री आणि अँकरच्या दोऱ्याच्या एकमेकींत अडकलेल्या लड्या. काम करायचं तेव्हा डबा खाली काढायचा आणि पानं घ्यायची वेळ झाली की सगळं गोळा करून पुन्हा कपाटावर ठेवायचा. शिवण, भरतकाम, विणकाम, गोधडी यांतलं काही ना काही हौसेनं करणारी माणसं आणि त्यांची घरातली बसण्याची जागा हा या पुस्तकाचा विषय आहे. टाके शिकवणारी पुस्तकं मराठीत पुष्कळ आहेत, पण टाका घालायला बसायचं कुठे हा प्रश्न त्यांत सहसा येत नाही. तो क्षुल्लक वाटतो म्हणून येत नसावा. या प्रस्तावनेत मला मांडायचं आहे ते असं की हाच प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. घरात कापडाचं काय घडतं, हे हौस, हात आणि पैसा यांच्याइतकंच जागेवर ठरत आलं आहे. आणि जागा म्हणजे किती चौरस फूट, हा माझा मुद्दा नाही. हातातलं काम आहे तसं उघडं टाकून उठता येतं की नाही, एवढंच विचारायचं आहे.

पुरावा शोधायला लांब जायला नको, तो टाक्यांतच आहे. क्रोशाचं विणकाम घ्या. कितीही मोठा रुमाल असो, त्यात कोणत्याही क्षणी जिवंत असतो तो एकच फास. दाराची बेल वाजली तर सुई काढायची, फास जरा ओढून मोठा करायचा किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवायची, की काम सुरक्षित. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते, तरीही दोन्ही सुया लोकरीच्या गुंड्यात खुपसून पिशवीत टाकता येतात. भरतकामाला रिंग पुरते आणि रिंग मांडीवर मावते. कसूती मात्र इतकी सोशिक नाही. तिच्यातली गवंती ही धागे मोजून घालायची. जाताना एक घर भरलं की एक सोडायचं आणि परतताना सोडलेली घरं भरत यायचं. कुठेही गाठ मारायची नाही, दोन्ही अंगांनी नक्षी सारखीच दिसली पाहिजे. जाण्याची वाट कापडावर दिसते, परतीची वाट मात्र डोक्यात असते. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी तुटते आणि उसवणं आलं. आता मागच्या दोन-तीन पिढ्यांत आपल्या घरांमध्ये काय सगळ्यांत जास्त पसरलं ते आठवून पाहा: क्रोशाचा रुमाल, आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, पुढे टीव्ही भिंतीला चिकटला तेव्हा नाइलाजानं फ्रिजवर. त्याची आपण खूप थट्टा केली. पण मांडीएवढ्या जागेत आणि दोन हाकांच्या मधल्या वेळात कापडाचं जे काही करता येणं शक्य होतं, त्याचा तो चोख हिशेब होता.

उलट बाजूही पाहावी. येवला, सोलापूर, इचलकरंजी इथल्या साळी, कोष्टी, पद्मशाली विणकरांच्या घरांत हातमाग घरातच असे, कित्येकदा जमिनीत खड्डा करून बसवलेला. तिथे घरातली सगळ्यांत चांगली जागा आणि चांगला उजेड मागाला मिळे, आणि माणसं मागाच्या कडेकडेनं राहत. साडी अर्धी विणून झाली म्हणून ती गुंडाळून फडताळात ठेवा, असं तिथे कुणी म्हणणार नाही. तो पोटाचा धंदा होता, तेव्हा तुलना पूर्ण जुळत नाही हे मान्य. तरी एक गोष्ट उरतेच. ज्या घरानं कामाला मुक्काम दिला तिथे सहा वार कापड झालं, आणि ज्या घरानं मांडी दिली तिथे रुमाल झाला.

यावर असं म्हणता येईल की बायकांना आवडच त्या नाजूक कामांची होती, त्यात जागेचा काय संबंध? या आक्षेपाला जर्मनीतल्या बाउहाउसचं उदाहरण चांगलं उत्तर देतं. 1919 मध्ये वायमार इथे निघालेल्या या कलाशाळेनं स्त्रियांना प्रवेश दिला, पण बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवलं. अ‍ॅनी आल्बर्स 1922 मध्ये तिथे आल्या, त्या काही माग शिकायला नव्हे. दुसरी दारं बंद होती म्हणून काहीशा नाखुशीनंच त्या विणकामाकडे गेल्या. मात्र एकदा माग, खोली आणि अर्धवट काम ठेवण्याची मुभा मिळाल्यावर त्यांनी त्यातून जे उभं केलं त्याचं स्वतंत्र प्रदर्शन 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं भरवलं. विणकराला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यांचं क्षेत्र आवडीनं ठरवलं नव्हतं, उघड्या दारानं ठरवलं होतं, आणि आवड मागून आली. तेव्हा आपल्याकडच्या रुमालांवरून बायकांच्या आवडीचा निष्कर्ष काढताना जरा दमानं घ्यावं.

माझ्या म्हणण्यावरचा खरा कठीण आक्षेप गोधडीचा आहे. गोधडी, वाकळ, जे नाव आपापल्या भागात चालतं ते घ्या. ज्यांना घरात स्वतःची म्हणावी अशी वीतभर भिंतही नव्हती, त्या बायकांनी ती शिवली, आणि ती लहान नाही, मांडीवर मावणारी तर मुळीच नाही. मग जागेचं एवढं काय घेऊन बसलात? पण गोधडी कशी शिवली जाते ते जवळून पाहिलं तर आक्षेपच माझ्या बाजूला येऊन बसतो. जुनी लुगडी उसवून, धुऊन, थरावर थर अंथरायचे. सुरकुती राहता कामा नये, कारण आतल्या थराला पडलेली घडी पुढे कायमची टोचते. कडा ताणून त्यांवर वजनं ठेवायची, मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकमेकांना धरून घ्यायचे आणि मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन, असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. त्या ओळींमुळे कापडावर बारीक लाटा उठतात आणि ऊब त्या लाटांत अडकलेल्या हवेत असते. याला लागतं ते सपाट अंगण किंवा सारवलेली ओसरी आणि उन्हाळा. सुगी आटोपलेली असते, पाऊस यायचा असतो, दुपारी शेजारणी येऊन एकेका कडेला बसतात. म्हणजे गोधडीला जागा होती, तीही चांगली ऐसपैस, फक्त ती हंगामी होती आणि कुणा एकीची नव्हती. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची ‘कवंद’ गोधडीही अशीच कडेकडून आत शिवत नेतात. या सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या गुलामीतून निसटून रानात आले होते. कवंदाच्या चारही कोपऱ्यांत रंगीत तुकड्यांचे थर देऊन त्रिकोणी ‘फुलं’ बसवतात आणि ती नसतील तर कवंद उघडी राहिली असं समजतात. ऊब येण्यासाठी त्या फुलांचा काडीचा उपयोग नाही. ज्या समाजाकडून सगळं हिरावलं गेलं होतं, त्याच्या बायका केवळ गरजेपुरतं शिवत नव्हत्या, हे त्या चार कोपऱ्यांत लिहून ठेवलेलं आहे. आपण वाड्यातून चाळीत आणि चाळीतून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा अंगण गेलं, ओसरी गेली, आणि त्यांच्याबरोबर मोठ्या आकाराचं कापडकामही गेलं. हात तेच होते. गोधडी विस्मरणात गेली ती आळसामुळे, असं म्हणणाऱ्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत पाच थर अंथरून पाहावेत.

शहरी घरात कापडाच्या कामाला पहिला पक्का मुक्काम मिळवून दिला तो शिवणयंत्रानं, असं माझं मत आहे. इलायस हाउ यांचं पेटंट 1846 चं, आयझॅक सिंगर यांचं 1851 चं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिवणयंत्राला अपवाद केला, कारण सिंगरनं ते बायकोचे कष्ट पाहून मायेनं बनवलं असं त्यांना वाटत होतं. (प्रत्यक्षातल्या सिंगरसाहेबांचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते, तेव्हा ही माया नेमकी कोणत्या बायकोवरची हे सांगणं अवघड आहे.) पुण्यात रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये सुरू केलेल्या सेवासदनसारख्या संस्थांनी शिवण हा बायकांच्या शिक्षणाचा आणि उपजीविकेचा भाग केला, आणि पुढे उषासारखी देशी यंत्रं आल्यावर पायमशीन असंख्य घरांत पोचलं. इथवरचा इतिहास सगळे सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो यंत्राच्या सुईखालचा भाग, म्हणजे ओतीव लोखंडाची घोडी. ती घडी होत नाही, कपाटावर चढत नाही, पाहुणे आले म्हणून पलंगाखाली सरकत नाही. खिडकीजवळ एकदा ठेवली की ती तिथलीच झाली. तिला स्वतःचे खण असतात, लाकडी फळी असते, आणि फळीवर अर्धा शिवलेला ब्लाउज सुईखाली दाबून ठेवून भाजी टाकायला जाता येतं. घरच्यांनी त्यावर आवरण घातलं, वर्तमानपत्रं रचली, कुणी तर टेबलफॅन ठेवला, पण जागा मशीनचीच राहिली. पुढे हलकी, विजेवरची, हँडल असलेली यंत्रं आली. वापरायला ती निर्विवाद चांगली. जाहिरातीत त्यांचा मोठा गुण सांगितला जाई तो हा की काम झालं की उचलून ठेवता येतं. त्या सोयीची किंमत कुणी मोजली नाही. उचलून ठेवता येणारी वस्तू घरात उचलून ठेवावीच लागते, आणि लोखंडी घोडीनं मिळवलेली खिडकी हातची गेली.

तरी हौसेच्या कामाला आपल्या घरांनी कधी जागाच दिली नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दिली, पण निमित्त असेल तर. बाळंतविड्याचं निमित्त आलं की झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांचा पसारा महिना महिना चालतो आणि कपाळाला आठी पडत नाही. रुखवताचं तर विचारूच नका. लग्नघरात भरतकाम, क्रोशे, मोत्यांचं विणकाम, महिरपी, तोरणं हे सगळं दिवाणखान्यात नांदतं, आणि लग्नाच्या दिवशी ते टेबलावर मांडून कुणी काय केलं ते कौतुकानं सांगितलं जातं. रुखवत हे मराठी बायकांच्या कापडकलेचं एका दिवसाचं प्रदर्शनच होतं, आणि बहुतेकींना दुसरं प्रदर्शन मिळालं नाही. पण निमित्ताचा हिशेब पाहा. बाळासाठी, लेकीसाठी, देवासाठी पसारा क्षम्य. ‘मला करून पाहायचंय’ हे निमित्त कधी धरलं गेलं नाही. निमित्तासाठी केलेलं काम मुदतीत संपवावं लागतं, आणि जे मुदतीत संपवायचं ते माणूस आधी येत असलेल्याच पद्धतीनं करतो. नवा टाका, नवा रंग, फसण्याची शक्यता असलेला बेत, हे सगळं बिनमुदतीच्या कामात होतं. मुक्कामाची जागा हवी ती यासाठी.

आजच्या घरात निमित्ताची जागा एका प्रश्नानं घेतली आहे: ऑर्डरी घेतेस का? हाताला वळण असलेल्या प्रत्येक बाईला हा प्रश्न कौतुक म्हणूनच विचारला जातो, आणि त्यामागचा युक्तिवाद फेटाळण्यासारखा नाही. स्वतःचे पैसे हातात येणं ही घरातली जागा मिळवण्याची सगळ्यांत खात्रीची वाट आहे, आणि ज्यांना कमाईची गरज आहे त्यांनी छंदाच्या शुद्धतेवर प्रवचन ऐकून घ्यायचं कारण नाही. पण विकण्यानं कामाचं काय होतं, हेही पाहिलं पाहिजे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड हे गाव आहे. गुलामगिरीत खपलेल्या काळ्या शेतमजुरांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका जुने कामाचे कपडे फाडून गोधड्या शिवत. 1966 मध्ये त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या. पैसा आला, आणि मतदानाचा हक्क मागितला म्हणून ज्यांचा रोजगार गेला होता त्यांना तो मोठा आधार होता. पण दुकानाला एकासारखा एक नग हवा असतो. ठरलेला नमुना, ठरलेलं माप, सरळ कड. मनानं कापण्याला तिथे वाव नव्हता. 1972 मध्ये सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचं काम मिळालं. त्याचं उरलेलं कातरण बायका घरी नेत आणि त्यातून घरच्यासाठी, कुणी न सांगता, वाकड्यातिकड्या पट्ट्यांच्या गोधड्या करत. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या टांगल्या गेल्या, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्या गोधड्या दुकानांसाठी शिवलेल्या नव्हत्या, घरच्यासाठी शिवलेल्या होत्या. यावरून विक्री वाईट ठरत नाही, उलट कॉर्डरॉय आलं ते विक्रीमुळेच. ठरतं ते एवढंच की दोन्ही कामं एकाच हातांनी केली तरी ती वेगळी आहेत, आणि एकाचं यश मोजायला दुसऱ्याची फूटपट्टी चालत नाही. हौशी माणसाला एक सवलत असते जी कारागिराला परवडत नाही: उसवण्याची. बाही बसली, चालून जाईल, पण मुंढ्याशी ओढ दिसते आहे, तर ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उसवून बसवायची. ऑर्डरीच्या कामात तिसऱ्यांदा उसवणारी बाई तोट्यात जाते.

राहिला साठ्याचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. छंदाच्या नावाखाली कापडं, लोकरी, लेस, मण्यांची पाकिटं आणि दहा प्रकारच्या कात्र्या जमवणं हा वेगळाच छंद होऊन बसतो. विकत घेतलेलं कापड म्हणजे जणू निम्मं शिवलेलं कापड, अशी समजूत करून घेणं फार सोपं आहे. आमच्या दमट हवेत तर साठ्याला शिक्षाही लगेच होते: सुयांवर गंज चढतो, लोकरीला कसर लागते, इलॅस्टिकचा जीव जातो. पण साठा वाढतो कुठे ते पाहावं. तो वाढतो बंद डब्यांत, पलंगाच्या पोटात आणि माळ्यावर. आपल्याकडे काय आहे हे रोज डोळ्यांसमोर नसतं म्हणून तेच अस्तर पुन्हा आणलं जातं. उघड्या फळीवर रंगवार रचलेली कापडं दिसत असली की खरेदी कमी होते आणि बेत जास्त सुचतात, कारण कुठलीही जोडी आधी डोळ्याला दिसते, मग डोक्यात शिरते. हातानं काम करणारा माणूस गिऱ्हाईक म्हणूनही बदलतो, हे वर. ज्यानं स्वतः धागे मोजले आहेत तो पैठणीचा पदर उलटून पाहतो. हातमागावर धाग्यात धागा अडकवून विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते, यंत्रावरच्या नकलेच्या पाठीमागे धागे लोंबत किंवा कातरलेले दिसतात. अशा माणसाला भाव करतानाही थोडी लाज वाटते, आणि विणकराच्या दृष्टीनं ती फायद्याचीच असते.

शेवटी, एवढ्याशा घरात हे सगळं करायचं कुठे, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला ‘इच्छा असली की मार्ग सापडतो’ छापाचं उत्तर देणं म्हणजे टोलवाटोलवी. वेगळी खोली बहुतेकांना मिळणार नाही. पण मुद्दा सुरुवातीलाच सांगितला आहे: खोलीचा नव्हे, उघड्या कामाचा. पलंगाखाली सरकणारी प्लायवूडची फळी, जिच्यावर कापलेले तुकडे टाचण्यांसकट पडून राहतात, हीसुद्धा मुक्कामाची जागा आहे. बंद होणाऱ्या डब्याला ते जमत नाही, मग तो केवढाही मोठा असो. गॅलरीतलं दोन फुटांचं टेबल चालेल, जर जेवायच्या वेळी ते रिकामं करावं लागत नसेल. या तडजोडीला मर्यादा आहेत, त्याही लपवत नाही. फळीवर पूर्ण मापाची गोधडी होणार नाही, आणि मोठ्या कामासाठी सोसायटीची गच्ची किंवा सभागृह आठवड्यातून एका दुपारी मागून घ्यावं, ही सूचना या पुस्तकात गंभीरपणे केली आहे, कारण ओसरी होती तेव्हाही ती कुणा एकीची नव्हतीच.

म्हणून पहिलं प्रकरण टाक्यांचं नाही, टेबलाचं आहे. जेवणाचं टेबल साधारण तीस इंच उंच असतं आणि त्यावर वाकून तासभर कापत राहिलं की कंबर बोलू लागते. उभ्यानं कापायला छत्तीस इंचांच्या आसपास उंची लागते, आणि तो फरक पायांखाली चार ठोकळे घालून भरून काढता येतो. गादीवर कापड पसरून कापू नये. गादी दबते, उभा धागा सरकतो, आणि उरेब पट्टीचा तर बट्ट्याबोळ होतो. उजव्या हातानं शिवणाऱ्यानं खिडकी डाव्या अंगाला ठेवावी, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्यांनी अर्थातच उलट बसावं. पिना, खडू, टेप आणि उसवणी कुठे ठेवायची हे त्यानंतर, आणि घरच्यांशी काय बोलायचं हे सगळ्यांत शेवटी, कारण टेबल एकदा चार दिवस जागेवर टिकलं की त्या बोलण्यातलं निम्मं बोलावंच लागत नाही.